कुंपणापलीकडची जमीन

२८ फेब्रुवारी २०१९. नामिबियाच्या दक्षिणेतल्या गिबिऑन गावी त्या दिवशी दोन वस्तू सव्वाशे वर्षांनी घरी परतल्या: नामा भाषेतल्या बायबलच्या नव्या कराराची एक जुनी प्रत आणि एक चाबूक. दोन्ही नामा समाजाचे सरदार हेंड्रिक विटबोई यांच्या. १२ एप्रिल १८९३ च्या पहाटे कुर्ट फॉन फ्रांस्वाच्या जर्मन वसाहती फौजेने होर्नक्रान्सच्या त्यांच्या तळावर छापा घातला. सुमारे ८० माणसे मारली गेली, त्यांत बहुतेक बायका-मुले. लुटीत गेलेल्या या वस्तू पुढे श्टुटगार्टच्या लिंडेन संग्रहालयात पोचल्या होत्या.

त्याच वर्षी या दक्षिणेतला एक लहानसा डावा पक्ष पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिला. नाव लँडलेस पीपल्स मूव्हमेंट, म्हणजे भूमिहीनांची चळवळ. त्याची मुख्य मागणी: पूर्वजांची जमीन परत द्या.

ही जमीन गेली कशी, ते सांगायला १९०४ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी आधी हेरेरो आणि मग नामा हे समाज जर्मन सत्तेविरुद्ध उठले. २९ ऑक्टोबर १९०५ रोजी विटबोई लढताना पडले. कैद झालेल्या नामांना ल्युडरित्सजवळच्या शार्क बेटावर डांबले गेले. समुद्राचा गारठा, उपासमार आणि वेठबिगारी यांनी त्यांचे बळी घेतले. युद्ध सरेतो जवळजवळ निम्मे नामा संपले होते. डिसेंबर १९०५ पासून निघालेल्या फर्मानांनी त्यांच्या जमिनी खालसा केल्या. त्यांवर गोऱ्यांचे मेंढ्यांचे मळे उभे राहिले, तारांची कुंपणे आली. १९१५ साली सत्ता दक्षिण आफ्रिकेकडे गेली, कुंपणे तशीच राहिली. ज्या कुरणात आजोबांनी गुरे चारली, तिथेच नातू मजुरी करू लागला.

२१ मार्च १९९० ला देश स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी विंडहुकला राष्ट्रीय जमीन परिषद भरली. एकाच भूमीवर अनेक समाजांचे दावे आहेत, तेव्हा पूर्वजांच्या जमिनी पूर्णपणे परत करणे शक्य नाही, असे तिथे ठरले. मालक राजी असेल तर सरकारने जमीन विकत घ्यायची आणि भूमिहीनांना द्यायची, असा मार्ग निघाला. २०१८ च्या सरकारी आकडेवारीत खासगी शेतजमिनीपैकी ७० टक्के गोऱ्यांकडेच होती.

या वाटपावरूनच ठिणगी पडली. जमीन सुधारणा खात्याचे उपमंत्री बर्नाडस स्वार्टबोई जाहीरपणे म्हणू लागले, की दक्षिणेतल्या मळ्यांवर बाहेरच्यांना वसवले जाते आणि ज्यांची जमीन गेली, त्यांचे वंशज मागे राहतात. माफी मागा, असे सांगितल्यावर त्यांनी नकार दिला. डिसेंबर २०१६ मध्ये पद गेले. त्यातून चळवळ आणि पुढे पक्ष उभा राहिला.

२०१९ मध्ये त्याला संसदेत ९६ पैकी ४ जागा मिळाल्या. वर्षभराने हार्डाप आणि खारास या दक्षिणेतल्या दोन्ही प्रादेशिक परिषदा त्याने सत्ताधारी स्वापोकडून जिंकल्या. पण प्रदेशाचा राज्यपाल राष्ट्राध्यक्ष नेमतो आणि मळे विकत घेऊन वाटण्याचे काम राजधानीतले मंत्रालय करते.

पक्ष लहान राहण्याचे एक कारण भूगोलात आहे. १८९६ मध्ये गुरांवरची बुळकांड्याची साथ जवळ येऊ लागली, तेव्हा ती रोखायला जर्मनांनी चौक्यांची रांग उभी केली. तीच पुढे ‘तांबडी रेषा’ म्हणून ओळखली जाणारी कुंपणाची हद्द झाली. गोऱ्यांचे मळे तिच्या दक्षिणेला पसरले. उत्तरेत, जिथे स्वापोचा बालेकिल्ला आहे आणि लोकवस्ती दाट आहे, तिथली शेतजमीन वसाहतवाल्यांच्या हाती गेली नाही. ‘पूर्वजांची जमीन’ हे शब्द दक्षिणेत घरोघरी झोंबतात. उत्तरेतल्या मतदाराच्या घरात ती आठवण नाही.

२०२१ मध्ये जर्मनीने वसाहतकाळातल्या त्या अत्याचारांबद्दल ३० वर्षांत १.१ अब्ज युरो देण्याचा संयुक्त जाहीरनामा पुढे केला. जानेवारी २०२३ मध्ये स्वार्टबोई त्याविरुद्ध विंडहुकच्या उच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाच्या ४ जागांच्या ५ झाल्या.