टॉक्सोप्लाझ्मोसिस, जन्मोत्तर : डोळ्यांवरील परिणाम

टॉक्सोप्लाझ्मा गाँडी या एकपेशीय परजीवीचा जन्मानंतर होणारा संसर्ग आणि त्यातून दृष्टिपटलाला येणारा दाह. निकोल व मांसो यांनी १९०८ मध्ये ट्युनिस येथे गुंडी नावाच्या कृंतकात हा परजीवी शोधला. मानवी दृष्टिपटलात तो हेलेनोर वाइल्डर यांना १९५२ मध्ये दिसला. क्षय किंवा उपदंशाचे समजले गेलेले, शस्त्रक्रियेने काढलेले डोळे त्या तपासत होत्या.

पुढे कित्येक वर्षे हा नेत्रविकार आईच्या उदरातूनच येतो, असे बहुतेक वैद्य मानत. ही समजूत मोडली ती साथींनी. कॅनडातील व्हिक्टोरिया शहरात १९९५ मध्ये, तर भारतात कोइमतूरला २००४ मध्ये धडधाकट माणसांचे डोळे एकाएकी बिघडू लागले. कोइमतूरच्या अरविंद नेत्र रुग्णालयात असे रुग्ण मोठ्या संख्येने आले. दोन्हीकडे संशय पिण्याच्या पाण्यावर आला.

परजीवीचे लैंगिक चक्र फक्त मार्जारकुलातील प्राण्यांच्या आतड्यात पुरे होते. विष्ठेतून पडलेली युग्मकपुटी एक ते पाच दिवसांत संसर्गक्षम होते, ओल्या मातीत महिनोन् महिने टिकते आणि नेहमीच्या क्लोरिनलाही दाद देत नाही. उकळल्यावर मात्र मरते. व्हिक्टोरियाच्या जलाशयाभोवती पाळीव मांजरांबरोबर रानातल्या प्यूमांमध्येही हा परजीवी सापडला होता. म्हणून रानाचे पाणी आपोआप निर्धोक ठरत नाही. उदाहरणार्थ, कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातील दिग्गीचा परिसर काळी नदीच्या उगमाचा. तालुक्यातल्या जंगलात वाघ, बिबट्या आणि रानमांजरही वावरतात. अशा मुलखात ओढ्याचे वा उघड्या झऱ्याचे पाणी उकळूनच प्यावे. अर्धेकच्चे मांस आणि न धुतलेली भाजी हेही संसर्गाचे मार्ग आहेत.

काहींना ताप आणि मानेत गाठी येतात, पण बहुतेकांना संसर्ग कळतही नाही. डोळा बिघडला की सहसा एकाच डोळ्याला धूसर दिसते, काळे ठिपके तरंगतात, उजेड सोसत नाही. वेदना अनेकदा नसते, त्यामुळे रुग्ण उशिरा येतो. तपासणीत दृष्टिपटलावर मळकट पांढरा, कडा पुसट असलेला डाग दिसतो आणि समोरचा काचाभ द्रव गढूळ झाल्याने तो धुक्यातल्या दिव्यासारखा भासतो. जुना संसर्ग उलटला असेल तर शेजारी काळसर कडांचा व्रण असतो. नव्या संसर्गात तो नसतो, म्हणून निदान चुकण्याची भीती अधिक. आयजीएम व आयजीजी प्रतिपिंडांची रक्ततपासणी मदत करते; शंका उरल्यास डोळ्यातील द्रवाची पीसीआर चाचणी करतात. डाग पीतबिंदूवर असला तर मधली दृष्टी कायमची जाऊ शकते.

उपचारात पायरिमेथामाइन व सल्फाडायझिन फोलिनिक आम्लासह, किंवा कोट्रायमोक्साझोल देतात. दाह ओसरावा म्हणून स्टेरॉइड जोडतात. जंतुरोधक औषधाविना नुसते स्टेरॉइड दिले तर परजीवी मोकाट वाढतो आणि डोळा हातचा जातो. गरोदर स्त्रीला औषध वेगळे निवडावे लागते. ऊतींमध्ये दडलेल्या पुटी कोणत्याच औषधाने नष्ट होत नाहीत. त्यामुळे व्रणाच्या कडेला आजार वर्षांनंतरही उलटतो, आणि वारंवार उलटणाऱ्या रुग्णांना कोट्रायमोक्साझोल दीर्घकाळ चालू ठेवतात.