कायमचा नरक न्यायाचा की जुलमाचा? ख्रिस्ती श्रद्धेतला जुना प्रश्न आणि पुण्यातली दोन माणसं

'जहन्नम' हा शब्द आपल्या कानाला अगदी अरबी वाटतो. पण त्याची मुळं हिब्रू भाषेतल्या 'गे-हिन्नोम' या नावात सापडतात. ती जेरुसलेमलगतची एक दरी आहे. ग्रीक इंजीलमध्ये तिचं 'गेहेन्ना' झालं आणि मराठी बायबलात 'नरक'. मत्तयच्या इंजीलच्या २५व्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं वर्णन आहे. तिथे नेक लोकांचं जीवन आणि बदलोकांची शिक्षा, दोन्हींना मराठी बायबल एकच विशेषण लावतं: सार्वकालिक. सगळा वाद या एका शब्दाभोवती फिरतो.

मूळ ग्रीक शब्द 'युग' या अर्थाच्या शब्दापासून आलेला आहे. म्हणून काही ख्रिस्ती विद्वान म्हणतात की इथे 'येणाऱ्या युगातली शिक्षा' एवढंच सांगायचं आहे, 'कधीच न संपणारी' असं नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनला तर शेवटी सगळेच आत्मे परत फिरतील अशी आशा होती. पुढे चर्चने ती शिकवण नाकारली. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनचा जवाब साधा होता: जन्नतचं जीवन कायमचं मानता, मग त्याच वाक्यातली शिक्षा तात्पुरती कशी?

शब्दांचा वाद बाजूला ठेवला तरी इन्साफाचा सवाल राहतोच. माणूस जगतो साठ-सत्तर वर्षं. त्यात केलेल्या गुन्ह्याला अंतच नसलेली सजा, हा कुठला हिशेब? मध्ययुगातल्या धर्मपंडितांचं उत्तर असं की गुन्ह्याचं वजन तो किती वेळ चालला यावर नव्हे, कोणाविरुद्ध केला यावर ठरतं. अनंत ईश्वराविरुद्धचा गुन्हा, म्हणून शिक्षाही अनंत. आम्हाला हे उत्तर दरबारी वाटतं. राजाचा अपमान आणि रयतेचा अपमान वेगळ्या तराजूत तोलणारं. दुसरं उत्तर जास्त विचार करण्यासारखं आहे: ईश्वर कोणाला ढकलत नाही, माणूसच त्याच्याकडे पाठ फिरवून बसतो आणि दार आतून बंद ठेवतो.

आम्ही शिक्षक, म्हणून आणखी एक गोष्ट खटकते. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे तालीम आणि मराठीत सजा, पण मूळ संस्कृत अर्थ शिकवणं. ज्या शिक्षेनंतर दुसरा दिवसच उजाडणार नाही, तिच्यातून शिकणार काय आणि कोण?

हा प्रश्न आपल्याकडे ज्या माणसाने दोन्ही बाजूंनी लढवला ते म्हणजे नीलकंठशास्त्री गोऱ्हे. जन्म १८२५चा, घराणं चित्पावन, वाढले बनारसमध्ये. कंपनी सरकारचे अधिकारी जॉन म्यूर यांनी १८३९मध्ये 'मतपरीक्षा' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्म श्रेष्ठ ठरवला होता. विशीच्या उंबरठ्यावरच्या नीलकंठशास्त्रींनी १८४४-४५च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून त्याला उत्तर दिलं. कर्म आणि पुनर्जन्म मानणाऱ्याला फक्त एका जन्मावर कायमचा निकाल लावणारा ईश्वर दयाळू कसा वाटावा?

आणि मग १८४८मध्ये याच माणसाने बाप्तिस्मा घेतला! नाव झालं नेहेम्या. इतकंच नव्हे, वीस वर्षांनी कलकत्त्यात त्यांनी पुस्तक लिहिलं तेही याच विषयावर, आणि या वेळी कायमच्या शिक्षेच्या बाजूने, आक्षेप घेणाऱ्यांना उत्तर म्हणून. जो आक्षेप एकेकाळी स्वतःचा होता, तोच आता खोडून काढायचा होता. धर्म बदलला, पण प्रश्नाने पाठ सोडली नाही. पुढे फादर गोऱ्हे पुण्यातही राहिले आणि १८९५मध्ये मुंबईत वारले.

पुण्यातच त्यांची आणि पंडिता रमाबाईंची गाठ पडली. रमाबाईंच्या धर्मांतरामागे त्यांच्या युक्तिवादाचा मोठा वाटा होता, हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे. १८८३मध्ये इंग्लंडातल्या वाँटेज इथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पण बाई कोणाचं ऐकून गप्प बसणाऱ्या नव्हत्या. अथानेशियसच्या नावाने चालणारा मतांगीकार त्यांनी मान्य केला नाही. त्यांचा मुख्य झगडा त्रित्वाच्या सिद्धांताशी होता. मात्र हा मतांगीकार सुरू होतो तोच या इशाऱ्याने की ही श्रद्धा जो धरणार नाही त्याचा कायमचा नाश होईल. रमाबाईंचे आईवडील दुष्काळाच्या वर्षांत उपासमारीने गेले, हिंदू म्हणूनच. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी घरातल्या बायकांना संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा त्रास सोसला होता. अशा लेकीच्या तोंडी हे वाक्य द्यायचं म्हणजे काय, याचा विचार वाचकांनीच करावा. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापला. त्यात स्वतःच्या विवेकाचा हक्क त्या किती ठामपणे मांडतात ते दिसतं.

खुद्द इंग्लंडातही तेव्हा हा विषय पेटलेला होता. १८५३मध्ये एफ. डी. मॉरिस यांना याच कारणावरून लंडनच्या किंग्ज कॉलेजातलं प्राध्यापकपद गमवावं लागलं. १८७७मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत कायमच्या नरकाविरुद्ध प्रवचनं देऊन खळबळ उडवणारे फ्रेडरिक फरार तर जन्माने मुंबईचे, मिशनऱ्याचे चिरंजीव.

आज कॅथलिक चर्च नरक कायमचा मानतं, पण त्यात अमुक एक माणूस आहेच असं जाहीर करत नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या सिद्धांत आयोगाने १९९५मध्ये छळापेक्षा 'अस्तित्वच संपणं' या कल्पनेकडे कल दाखवला.

आता, ख्रिस्ती बांधवांना प्रश्न विचारणं आपल्याला सोपं जातं. पण आपल्याकडेही हा मामला मिटलेला नव्हता. गुनहगार मोमिन शेवटी जहन्नममधून सुटेल, हे अहले सुन्नतचं मत, तर कबीरा गुनाह करून तौबा न करता मेलेला कायमचा आत, हे मुअतझिलांचं. जहन्नम स्वतःच कधी तरी संपेल का, यावर इब्ने तैमिया आणि इब्ने कय्यिम यांच्या नावाने जी चर्चा चालते, तिला तकीउद्दीन सुबकी यांनी कडाडून विरोध केला. बहुसंख्य उलेमांचं मत जहन्नम कायमची असंच राहिलं.

आणि ज्यांच्यापर्यंत पैगाम पोहोचलाच नाही त्यांचं काय? इमाम गझालींनी आपल्या काळातल्या रूमच्या ख्रिस्ती आणि तुर्कांपैकी बहुतेकांना अल्लाहच्या रहमतीत धरलं. पैगाम विपरीत रूपात पोहोचला असेल तर तेही माफीचं कारण मानलं. १९६४मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही जवळपास असंच म्हटलं: स्वतःचा दोष नसताना ज्यांना इंजील कळली नाही, पण जे सच्च्या दिलाने ईश्वराचा शोध घेतात, त्यांची नजात होऊ शकते. त्याच दस्तऐवजात मुसलमानांचा उल्लेख नावानिशी आहे.