मॅनिलियसचे चुंबन ते रमाबाईंचे ‘स्वतः’ : राजकीय दाम्पत्यांच्या जाहीर प्रेमाचा इतिहास

१/ राजकीय दाम्पत्याने शासकीय समारंभात एकमेकांचा हात धरावा का? सर्वांसमक्ष आलिंगन द्यावे का? हा वाद मोबाइलच्या कॅमेऱ्याने जन्माला घातला, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो किमान बावीसशे वर्षे जुना आहे, आणि त्यापायी एका माणसाला आपले पद गमवावे लागले होते. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ इ.स.पू. १८४. रोममध्ये थोरला कॅटो ‘सेन्सॉर’ म्हणून निवडून आला. नागरिकांची गणना करणे, सेनेटची यादी तपासणे आणि अयोग्य वर्तनाच्या सदस्याला यादीतून वगळणे, हे या पदाचे अधिकार होते. कॅटोने मॅनिलियस नावाच्या सेनेटरला वगळले. हा गृहस्थ पुढे कॉन्सल होईल, अशी अनेकांची अपेक्षा होती.

३/ त्याचा गुन्हा कोणता? त्याने भर दिवसा, आपल्या मुलीच्या देखत, स्वतःच्या पत्नीचे चुंबन घेतले. प्लुटार्क हा चरित्रकार ही हकिगत सांगतो आणि कॅटोचा एक विनोदही नोंदवतो : माझी पत्नी केवळ मोठा मेघगडगडाट झाला, तरच मला मिठी मारते, म्हणून आकाश गरजले की मी सुखी होतो, अशा आशयाचा.

४/ याच कॅटोने ल्युसियस क्विंक्टियस फ्लॅमिनिनस यालाही सेनेटमधून काढले. त्याच्यावरचा आरोप असा, की मेजवानीच्या वेळी आपल्या आवडत्या तरुणाला खूश करण्यासाठी त्याने एका माणसाचा जीव घेतला. म्हणजे एकाच यादीत, एकाच शिक्षेला पात्र ठरलेले दोन अपराध : एक हत्या आणि एक चुंबन.

५/ आज हे हास्यास्पद वाटते, पण त्यामागे एक विचार होता. ज्याला स्वतःच्या वासनेवर राज्य करता येत नाही, तो इतरांवर काय राज्य करणार? रोमन अभिजनांच्या दृष्टीने संयम हा केवळ खाजगी सद्गुण नव्हता. तो सत्तेसाठीच्या पात्रतेचा दाखला होता. पत्नीविषयीचे प्रेम त्यांना अमान्य नव्हते. ते दिसणे अमान्य होते.

६/ एकदा हा नियम रूढ झाला, की तो शस्त्र म्हणून वापरता येतो. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे मार्क अँटनी. ऑक्टेव्हियनशी त्याचा अंतिम संघर्ष जवळ आला, तेव्हा रोममध्ये त्याच्यावर आरोपांची सरबत्ती झाली. भरल्या मेजवानीत त्याने उठून क्लिओपात्राचे पाय चोळले. न्यायदानाच्या आसनावर बसून तो तिची प्रेमपत्रे वाचतो. एकदा तर तिची पालखी चौकातून जाताना दिसताच तो खटला सोडून तिच्यामागे धावला.

७/ आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने जेथे थांबायला हवे, ते वाक्य. हे आरोप नोंदवल्यावर प्लुटार्क स्वतःच सांगतो, की आरोपकर्त्याच्या यांतील बहुतेक गोष्टी खोट्या मानल्या गेल्या. पण खोट्या असूनही त्या टिकल्या. इ.स.पू. ३१ मध्ये ॲक्टियमला अँटनी हरला, आणि ‘प्रेमात बुद्धी गमावलेला सेनापती’ ही त्याची प्रतिमा आजवर जिवंत राहिली. जाहीर प्रेमाची कथा प्रतिपक्षानेही लिहिलेली असू शकते, हा यातला धडा.

८/ येथवर नियम स्पष्ट आहे : प्रेम लपवा. मग तो उलटा केव्हा झाला? त्यासाठी एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये जायला हवे. १९ जुलै १८२१ रोजी चौथ्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला. त्याची पत्नी कॅरोलिन वेस्टमिन्स्टर ॲबीच्या दारापर्यंत आली, आणि तिला आत प्रवेश नाकारण्यात आला. त्याआधीच्या वर्षी राजाने तिच्यापासून विवाहमुक्त होण्यासाठी पार्लमेंटमध्ये प्रयत्न केला होता. राजघराण्याची अब्रू वेशीला टांगली गेली होती.

९/ ही पार्श्वभूमी लक्षात घेतली, की व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचे महत्त्व कळते. १८४० मध्ये त्यांचा विवाह झाला. १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने नाताळच्या झाडाभोवती जमलेल्या राजकुटुंबाचे चित्र छापले. १८६० मध्ये त्यांची छोटी छायाचित्रे बाजारात आली आणि सामान्य माणसे ती विकत घेऊन आपल्या संग्रहात लावू लागली. राणी आता केवळ राणी नव्हती. ती एका सुखी घराची गृहिणी म्हणून लोकांसमोर होती.

१०/ या दाम्पत्याचे प्रेम खरे होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अल्बर्टच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षे राणीने शोकवस्त्रे सोडली नाहीत. मुद्दा वेगळा आहे. राजसत्तेचे प्रत्यक्ष अधिकार घटत असताना, आदर्श कुटुंब हे तिचे नवे भांडवल बनले. छापखाना आणि छायाचित्र यांनी खाजगी सुखाला सार्वजनिक उपयोग मिळवून दिला. कॅटोच्या रोममध्ये जे दोषाचे चिन्ह होते, ते आता चारित्र्याचे प्रमाणपत्र ठरले.

११/ या प्रमाणपत्राचा कळस अमेरिकेत दिसला. १७ ऑगस्ट २०००, लॉस एंजेलिस. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात अल गोर अध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारण्यासाठी व्यासपीठावर आले आणि त्यांनी पत्नी टिपर यांचे दीर्घ चुंबन घेतले. भाषणाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, चर्चा त्या चुंबनाची झाली.

१२/ कारण उघड होते. गोर ज्यांचे उपाध्यक्ष होते, त्या बिल क्लिंटन यांच्यावर लेविन्स्की प्रकरणानंतर १९९८ मध्ये महाभियोग चालवण्यात आला होता. गोर यांचे चुंबन म्हणजे न बोलता केलेले निवेदन, असा अर्थ अनेक भाष्यकारांनी लावला : मी तसा नाही. पुढे जून २०१० मध्ये, विवाहाला चाळीस वर्षे झाल्यावर, या दाम्पत्याने विभक्त होत असल्याचे जाहीर केले. म्हणून २००० मधले चुंबन खोटे ठरते का? मुळीच नाही. ते तेव्हा मनापासूनचे असेलही. मात्र मतदाराला हवा असलेला पुरावा त्यात नव्हता, आणि असूही शकत नव्हता.

१३/ ‘मग आपले जुने बरे; पत्नीला पडद्याआड ठेवा’ असे कोणी म्हणेल. तोही प्रयोग झालेला आहे. सोव्हिएत संघात नेत्यांचे कौटुंबिक जीवन जवळजवळ अदृश्य असे. युरी आंद्रोपॉव यांची पत्नी हयात आहे, हे बहुतेकांना फेब्रुवारी १९८४ मध्ये कळले. त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी ती दिसली तेव्हा. एका महासत्तेचा प्रमुख विवाहित आहे की विधुर, हे देशाला माहीत नव्हते!

१४/ पुढच्याच वर्षी मिखाईल गोर्बाचेव्ह सत्तेवर आले आणि रायसा गोर्बाचेव्हा त्यांच्यासोबत दौऱ्यांवर जाऊ लागल्या. त्या तत्त्वज्ञान शिकवत असत. सामूहिक शेतीवरील शेतकऱ्यांच्या जीवनावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. परदेशात त्यांचे कौतुक झाले. मायदेशात मात्र त्यांचे कपडे, त्यांचे बोलणे, पतीच्या बरोबरीने चालणे, हे सारे अनेकांना खटकले. गोर्बाचेव्ह यांच्या धोरणांवरचा राग काही अंशी त्यांच्या वाट्यालाही आला.

१५/ १९९९ च्या उन्हाळ्यात रायसांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. जर्मनीतील म्युन्स्टर येथे उपचार सुरू असताना गोर्बाचेव्ह त्यांच्याजवळच राहिले. २० सप्टेंबरला रायसा गेल्या. रशियात याआधी ज्यांना त्यांचा तिटकारा होता, त्यांच्यातही सहानुभूतीची लाट उसळली. तीनच वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत गोर्बाचेव्ह यांना जेमतेम अर्धा टक्का मते मिळाली होती. मते मागण्यासारखे आता काही उरलेच नव्हते, म्हणून कदाचित ते दुःख लोकांना खरे वाटले. २०२२ मध्ये मॉस्कोतील नोवोदेविची स्मशानभूमीत त्यांचेही दफन रायसांच्या शेजारी झाले.

१६/ आता आपल्याकडे येऊ. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात वडीलधाऱ्यांसमोर पती-पत्नींनी एकमेकांशी बोलणेही अनुचित मानले जाई. पत्नी पतीचे नाव घेई ते फक्त उखाण्यात. अशा काळात सार्वजनिक जीवनातील एखाद्या पुरुषाने पत्नीविषयीचा आदर जाहीरपणे कसा दाखवावा?

१७/ १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांचा रमाबाईंशी विवाह झाला. ते एकतीस वर्षांचे, त्या अकरा वर्षांच्या. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहाखातर हा विवाह केला, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. ती टीका योग्यच होती. या नात्याचा आरंभ विषम होता, हे विसरून त्याचे गोडवे गाणे इतिहासाला शोभणार नाही.

१८/ त्यानंतर मात्र रानड्यांनी रमाबाईंना शिकवले. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातील स्त्रियांचा त्याला तीव्र विरोध होता आणि त्याचा सारा जाच रमाबाईंनाच सोसावा लागला. नाशिकच्या हायस्कुलातील समारंभात त्या प्रथमच प्रमुख पाहुण्या म्हणून लोकांसमोर आल्या. ते पहिले भाषण त्यांना रानड्यांनी लिहून दिले होते. हातात हात नाही, आलिंगन नाही. व्यासपीठावर दिलेली एक जागा, एवढेच.

१९/ भाषण त्यांचे लिहिलेले होते, ही मर्यादा खरीच. पण पुढचे पाहा. १९०१ मध्ये रानडे निवर्तले. १९०९ मध्ये रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभे केले. पुढे स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्या उभ्या राहिल्या. तोवर कोणी भाषण लिहून देण्याची गरज उरली नव्हती.

२०/ १९१० मध्ये त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्या पतीचा उल्लेख ‘स्वतः’ असा करतात. नाव घेण्याचा संकेत त्यांनी मोडला नाही. आणि तरीही एका मराठी स्त्रीने आपले सहजीवन छापील अक्षरांत जगासमोर ठेवले. १९३८ मध्ये अमेरिकेत या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद निघाला, तेव्हा त्याचे शीर्षकच ‘हिमसेल्फ’ असे ठेवण्यात आले.

२१/ मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? माझे मत असे : सहजपणे धरलेला हात शासकीय समारंभाची प्रतिष्ठा घटवत नाही. मर्यादा ठरवायची, तर ती प्रसंगाने ठरवावी. हुतात्म्यांना मानवंदना देताना समारंभाचे केंद्र ते हुतात्मे असतात, दाम्पत्य नव्हे. विजयाच्या रात्री कोणी पत्नीला मिठी मारली, तर कोणाचे काय बिघडते?

२२/ खरी हानी होते ती आपण त्या मिठीकडे पुरावा म्हणून पाहू लागतो तेव्हा. हात धरला म्हणून नेता सज्जन, आणि हात झटकला म्हणून घर मोडलेले; दोन्ही निष्कर्ष कॅटोच्या यादीइतकेच कच्चे आहेत. शिवाय या परीक्षेत बहुधा पत्नीच अधिक तपासली जाते : ती हसली का, किती हसली, कोणत्या अंतरावर उभी राहिली. रायसा जवळ चालल्या म्हणून दोषी ठरल्या. दुसरी कोणी दूर उभी राहिली म्हणून ठरते.

२३/ त्यामुळे पुढच्या वेळी एखाद्या नेत्याची आणि त्यांच्या जोडीदाराची दहा सेकंदांची चित्रफीत समोर आली, की ‘यांचे प्रेम आहे का?’ हा प्रश्न सोडून द्यावा. त्याचे उत्तर आपल्याला मिळणार नाही आणि ते आपल्या मालकीचेही नाही. त्याऐवजी विचारावे : या व्यासपीठावर त्या दुसऱ्या व्यक्तीला स्वतःचा आवाज आहे का? आज येथे यायचे नसते, तर तिला तसे म्हणता आले असते का?

२४/ थ्रेड येथे संपतो. यातली कोणती हकिगत आपल्याला पटली नाही, ते जरूर कळवा. आणि रमाबाईंच्या आठवणी अजून वाचल्या नसतील, तर जवळच्या ग्रंथालयात जाऊन आवर्जून वाचा.