फोर बाय फोर गाडी टोचन करायची तर आधी छोट्या लिव्हरकडे बघा

गाडी रस्त्यात बंद पडली की आपल्याकडे तोंडातून पहिला शब्द निघतो तो 'टोचन'. कुणाचा तरी पिकअप थांबतो, सीटमागून दोर निघतो, गिअर न्यूट्रलला टाकतात आणि बिस्मिल्लाह म्हणून गाडी ओढायला सुरुवात होते. दोनच चाकांना ताकद जाणारी साधी मॅन्युअल गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायला एवढ्यावर बहुतेक वेळा भागते. थार, जिप्सी, जुनी महिंद्रा जीप अशा फोर बाय फोर गाडीला मात्र तेवढे पुरत नाही.

कोकणातल्या आपल्या गावांत या गाड्या बऱ्याच आहेत. मालक आखातात नोकरीला असला की सहा-आठ महिने गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी असते. ईदच्या सुट्टीत चावी फिरवावी तर बॅटरी मेलेली, नाहीतर डिझेलच्या लाइनीत हवा धरलेली. मग भाऊ, भाचा, शेजारी सगळे जमतात आणि टोचन सुरू होते. अशा वेळी नेमके काय करायचे हे आम्ही इथे एकत्र देत आहोत.

साध्या गाडीत इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून दोन चाकांकडे जाते. फोर बाय फोरमध्ये गिअरबॉक्सला जोडून आणखी एक पेटी असते, ती ट्रान्स्फर केस. तिच्यातून एक शाफ्ट मागच्या चाकांकडे आणि दुसरा पुढच्या चाकांकडे जातो. चारही चाके जमिनीवर ठेवून गाडी ओढली की हा सगळा प्रवास उलटा होतो. रस्ता चाकांना फिरवतो, चाके शाफ्टना, शाफ्ट ट्रान्स्फर केसला आणि ती गिअरबॉक्सच्या मागच्या दांड्याला.

खरी भानगड तेलाची आहे. अनेक मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये खालचा शाफ्ट इंजिनबरोबर फिरतो, तेल उडवतो आणि ते तेल वरच्या बेअरिंगपर्यंत पोहोचते. इंजिन बंद आणि गिअर न्यूट्रल असला की तो खालचा शाफ्ट जागचा हलत नाही, मागचा दांडा मात्र तेलाशिवाय फिरत राहतो. दोन-चार किलोमीटरला काही कळत नाही. लांब ओढली की बेअरिंग तापते, घासते, आणि पंधरा दिवसांनी मालक तक्रार करतो की गिअरबॉक्स आवाज करतोय. बॅटरीच्या खर्चात भागणारे काम गिअरबॉक्सवर जाते. ऑटोमॅटिकमध्ये तर तेल फिरवणारा पंपच इंजिनवर चालतो, त्यामुळे तिथे नुकसान आणखी लवकर होते.

यावर उपाय म्हणजे गिअरच्या शेजारचा छोटा लिव्हर. सध्याच्या पिढीच्या तीन दरवाजांच्या थारला आणि जिप्सीला त्यावर 2एच, 4एच, एन आणि 4एल अशा चार जागा असतात. जुन्या जीपला दोन लहान लिव्हर सापडतील. 'एन' म्हणजे ट्रान्स्फर केसचा न्यूट्रल. लिव्हर इथे असला की चाके आणि शाफ्ट फिरतात, पण गिअरबॉक्सशी त्यांचा संबंध तुटतो. मुख्य गिअरचा न्यूट्रल वेगळा आणि हा वेगळा. एवढा फरक ध्यानात राहिला तरी निम्मे काम झाले समजा.

आता चूक कुठे होते ते बघा. 'एन' ही जागा 4एच आणि 4एलच्या मधोमध आहे. लिव्हर अर्धवट राहिला की गाडी 4एचमध्येच राहते, जोरात ढकलला की सरळ 4एलमध्ये जाऊन बसते. 4एच किंवा 4एलमध्ये पुढची-मागची चाके एकमेकांना जखडलेली असतात, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर वळण घेताना शाफ्टवर भयंकर ताण येतो. त्यातही गाडी 4एलमध्ये असून मुख्य गिअर पहिल्यात राहिला तर ओढणारी गाडी थोडा वेग घेताच बंद इंजिन आणि क्लचप्लेट झेपणार नाही इतक्या जोरात फिरवली जातात. अशा वेळी मागच्याने घाबरून क्लच दाबला तर इंजिन सुटते, पण क्लचप्लेट तशीच गरगरत राहते आणि तिचे तुकडे उडतात.

म्हणून लिव्हर टाकला की खात्री करून घ्या. गाडी सपाट जागी हवी आणि पाय ब्रेकवर हवा. इंजिन चालू होत असेल (समजा रेडिएटर फुटलाय, इंजिन ठीक आहे) तर हँडब्रेक सोडा, पहिला गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडून बघा. गाडी हलली नाही पाहिजे. रिव्हर्स टाकून पुन्हा तेच करा. इंजिन चालूच होत नसेल तर मुख्य गिअर पहिल्यात ठेवा, क्लचवर पाय नको, आणि दोघांना गाडी ढकलायला सांगा. लिव्हर खरोखर 'एन'मध्ये असेल तर गिअरमध्ये असूनही गाडी सहज पुढे सरकेल. अडली तर लिव्हर बसलेला नाही. या तपासणीला दोन मिनिटे लागतात, आणि आम्ही तर म्हणू की ती केल्याशिवाय दोर बांधूच नका.

ओढताना मुख्य गिअर कुठे ठेवायचा हे प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि ते वेगवेगळे असते. जीप रँग्लरची पुस्तिका ट्रान्स्फर केस 'एन'मध्ये टाकायला सांगते. मॅन्युअल असेल तर गाडी गिअरमध्ये आणि ऑटोमॅटिक असेल तर 'पी'मध्ये ठेवायला सांगते. अमेरिकेत लोक घरासारख्या मोठ्या मोटारींच्या मागे रँग्लर अशीच चार चाकांवर शेकडो मैल ओढत नेतात. ती गाडी त्यासाठी बनवलेली आहे. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत तसे लिहिलेले नसेल तर टोचन म्हणजे जवळच्या गॅरेजपर्यंत, त्यापुढे नाही.

ज्या गाड्यांत लिव्हरऐवजी बटण किंवा फिरवायचा नॉब आहे, त्यांतल्या अनेकांना चालकाला वापरता येईल असा 'एन' नसतो. चारही चाकांना कायम ताकद जाणाऱ्या गाड्यांची गोष्ट त्याहून अवघड. अशा गाड्यांसाठी फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पूर्ण वर चढवून नेणारी क्रेनगाडी, हाच रस्ता आहे. आडरानात तीही मिळत नसेल तर अनुभवी फिटरकडून शाफ्ट काढून घ्यावा लागतो. ट्रकवाले हे नेहमी करतात. काढण्याआधी दोन्ही बाजूंना रंगाची किंवा खडूची खूण करा म्हणजे तो जसाच्या तसा बसेल, आणि नट-बोल्ट पिशवीत जपून ठेवा. हे घरच्या पोरांनी जॅकवर गाडी चढवून करायचे काम नव्हे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. ट्रान्स्फर केस 'एन'मध्ये असली की गाडीला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. पहिला गिअर टाकला तरी ती उतरणीला घरंगळते, आणि ऑटोमॅटिक 'पी'मध्ये असली तरीही. दोन वर्षांमागे आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाची जुनी जीप टोचन करून आणताना असरची वेळ झाली. मशिदीजवळ उतारावर गाड्या थांबवल्या, पिकअप हवा होता म्हणून दोर सोडला, चालकाने सवयीने पहिला गिअर टाकला आणि तो वुजू करायला गेला. हँडब्रेकची केबल कधीच ढिली झाली होती. जीप मागे सरकत गेली आणि गडग्याला धडकून थांबली. गडग्याच्या अलीकडे पाच मिनिटांपूर्वी मुले खेळत होती. अल्लाहने वाचवले. हँडब्रेक ओढा, चाकांच्या दोन्ही बाजूंना मोठे दगड लावा आणि मगच दोर सोडा. जमाअत निघून जाईल अशी घाई असली तरी दगड आधी.

दोर की रॉड? सपाट रस्त्यावर थोड्या अंतरासाठी दोर किंवा पट्टा चालतो. घाटात नाही. आंबा घाट असो की कशेडी, उतारावर मागची गाडी दोराच्या पुढे धावते, दोर ढिला पडतो, मग झटक्याने ताणला जातो आणि तुटतो, नाहीतर हुक उपटतो. तुटलेला दोर आणि त्याच्या टोकाचा लोखंडी शॅकल गोळीसारखा येतो. दोराच्या मधोमध जाड गोधडी टाकून ठेवली तर तो तुटल्यावर खाली पडतो. घाटात लोखंडी रॉडच हवा, शक्यतो इंग्रजी ए अक्षरासारखा, जो मागच्या गाडीला दोन ठिकाणी बसतो. मात्र रॉड लावून रिव्हर्स घेऊ नये. मागच्या गाडीची पुढची चाके आडवी होतात आणि रॉड वाकतो.

हुक चासीला असलेल्या टो-पॉइंटलाच अडकवा. बंपर, स्टिअरिंगचे रॉड, शौकाने लावलेला क्रॅश गार्ड यांपैकी काहीही चालत नाही. (क्रॅश गार्डवर कारवाई करा असे केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवले आहे. तरी गावोगावी ते दिसतातच.) ओढणारी गाडी मागच्या गाडीइतकी तरी वजनदार हवी. थार पावणेदोन टनांच्या आसपास जाते. तिला छोट्या हॅचबॅकने ओढणे म्हणजे उतारावर दोघांचाही घात.

मागच्या गाडीत चावी ऑन ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन बंद असल्याने पॉवर स्टिअरिंग दगडासारखे जड होते आणि ब्रेक दोन-तीन वेळा दाबला की बूस्टरची हवा संपून पेडल कडक होते. पूर्ण जोर लावावा लागतो. म्हणून मागे बसणारा नवशिका नको, आणि म्हाताऱ्या अम्मी, लेकरे, सामान यांपैकी कुणी काही त्या गाडीत ठेवू नका. दोरावर असताना पुढच्याने ब्रेक लावायच्या आधी मागच्याने हलका ब्रेक धरायचा, म्हणजे दोर ताणलेला राहतो. इशारे आधी ठरवा: एक हॉर्न म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. मोबाइलवर बोलत हे होत नाही.

कायद्याचे थोडक्यात. ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर परवानाधारक माणूस हवा, किंवा तिची पुढची चाके क्रेनने उचललेली हवीत. दोन गाड्यांतले अंतर 5 मीटरपेक्षा जास्त नको, दोर इतरांना सहज दिसेल असा हवा, आणि मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्यावर काळ्या, किमान 75 मिलिमीटर उंचीच्या इंग्रजी अक्षरांत 'ऑन टो' लिहिलेले हवे. एक पुठ्ठा आणि मार्कर गाडीत असला की झाले. वेग ताशी 20 किलोमीटरच्या आसपासच ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर 1033 वर फोन करा. आपल्या विम्यात रोडसाइड असिस्टन्स आहे का हेही बघा. बऱ्याच जणांनी त्याचे पैसे भरलेले असतात आणि त्यांना ते माहीतच नसते. टेम्पो-पिकअपवाल्या भावांसाठी एक गोष्ट: व्यावसायिक वाहनांच्या पॉलिसीत बंद गाडी ओढण्याची मुभा असते ती मोबदला न घेता, आणि ओढलेल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई त्यात मिळत नाही. अडलेल्या मुसाफिराला मदत करणे सवाबचेच काम आहे, पण ही अट माहीत असलेली बरी.

वाटेत दर आठ-दहा किलोमीटरला थांबून ट्रान्स्फर केस, गिअरबॉक्स आणि चाकांचे हब यांच्याजवळ हात नेऊन बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल किंवा तेलाचा जळका वास येत असेल तर तिथेच थांबा आणि फ्लॅटबेड मागवा. ज्या जिप्सींचे पुढचे हब हाताने फिरवायचे असतात, त्यांचे हब निघण्यापूर्वीच फ्री करून ठेवावेत, म्हणजे पुढचा शाफ्ट फिरतच नाही.

गॅरेजात पोहोचल्यावर गाडी दगडांवर टेकवा, हँडब्रेक ओढा आणि ब्रेकवर पाय ठेवून छोटा लिव्हर 2एचला परत आणा. हे विसरले जाते. मग दुरुस्त झालेली गाडी चालू होते, गिअर पडतो, पण जागची हलत नाही, आणि मालक क्लच गेला समजून पुन्हा उस्तादला फोन लावतो.