एका दाढेची तीन पाकिटं

कंधारला आमच्या घरी फ्रिजवर एक स्टीलचा डबा असतो. सगळ्यांच्या उरलेल्या गोळ्या त्यात जातात. दिवाळीत सुट्टीवर गेलो तेव्हा त्यात अमॉक्सिसिलिनची तीन अर्धवट पाकिटं सापडली. तिन्ही आईच्या एकाच दाढेची. त्यातल्या दोन कॅप्सूल बाबांनी सर्दीसाठी घेतल्या होत्या.

"त्यानंच बरं वाटतं बघ," आई म्हणाली.

मी सॉफ्टवेअरवाला. बग तसाच ठेवून सर्व्हर रिस्टार्ट करत राहायचं, हा प्रकार माझ्या ओळखीचा. पण ही सवय एकट्या आईची नाही. तिच्यामागे सत्तर वर्षांचा इतिहास आहे.

फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडलं १९२८ मध्ये. १९४५ च्या नोबेल भाषणात त्याने एक काल्पनिक गोष्ट सांगितली. एक गृहस्थ घसा दुखतो म्हणून स्वतःच थोडंसं पेनिसिलिन घेतात. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतात. मग तेच जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती दगावते. चूक नवऱ्याची, जीव बायकोचा. आमच्या डब्यात पात्रांची फक्त अदलाबदल झाली होती.

दहा वर्षांनी, १९५५ मध्ये, पुण्याजवळ पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची त्याला मदत होती. परदेशातून येणारं महागडं औषध आता देशात बनू लागलं.

त्याच वर्षी अमेरिकन हार्ट असोसिएशनने दंतवैद्यांसाठी सूचना काढली: हृदयाच्या झडपा बिघडलेल्या रुग्णाचा दात काढायचा असेल तर अँटिबायोटिक द्या. दात काढताना तोंडातले जंतू रक्तात जातात आणि अशा झडपेवर ठाण मांडू शकतात, ही भीती. ती खोटी नव्हती. पण जंतू तर रोज ब्रश करतानाही रक्तात जातात. म्हणून २००७ मध्ये त्याच संस्थेने यादी आखडली: कृत्रिम झडप बसवलेले, असा संसर्ग आधी होऊन गेलेले, असे मोजकेच रुग्ण त्यात उरले.

दुखऱ्या दाढेचं गणित तर आणखी सोपं आहे. कीड आत पोचली की दाढेतली नस मरते, तिथला रक्तपुरवठा थांबतो. गोळी जाते रक्तातून; जिथे रक्तच नाही तिथे ती पोचणार कशी? सूज थोडी उतरते, मूळ घर तसंच राहतं. इलाज म्हणजे रूट कॅनाल किंवा दाढ काढणं. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये हेच सांगितलं: एरवी तब्येत चांगली असलेल्या माणसाच्या बहुतेक दातदुखीत अँटिबायोटिक नको. ताप आला, सूज गळ्याकडे पसरली किंवा गिळता येईना, तर मात्र लागतं, आणि लगेच लागतं.

मग चिठ्ठीवर ते येतं का? पेशंट एसटीने आलेला असतो, परत येईल याची खात्री नसते. मजुरी बुडवून तीन-चार चकरा मारणं त्याला जमत नाही. वर दाढ काढली की नजर जाते, हा समज. गोळी लिहिली की दोघांचीही त्या दिवसापुरती सुटका होते. सरकारने १ मार्च २०१४ पासून एच-१ यादी लागू केली. त्यातल्या औषधांची नोंद मेडिकलवाल्याला वेगळ्या वहीत ठेवावी लागते. साधं अमॉक्सिसिलिन त्या यादीत नाही. त्याला चिठ्ठी लागते, वही नाही.

आईला नांदेडला नेलं. तीन चकरांत रूट कॅनाल झालं. डॉक्टरांनी फक्त दुखण्याची गोळी दिली. "एवढे पैसे घेतले आन् अँटिबायोटिक बी नाही," ती येताना एसटीत पुटपुटली.

परवा फोनवर म्हणाली, आता त्या बाजूने भाकरी खाते. डब्याचं विचारलं, तर विषय बदलला.