भेटीची वेळ

दिवाळीच्या फराळाबरोबर आजारपणाचा विषय कशाला, असे एखादा वाचक म्हणेल. पण सणाला घर भरते, तेव्हा आपल्याच माणसांची ओळख हरवलेले एखादे वडीलधारे माणूसही त्या घरात असते. अशा माणसाला रुग्णालयाने कसे वागवले, हा इतिहास मला सांगण्याजोगा वाटतो.

१९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉक्टर आलोइस अल्झायमर तिच्याजवळ बसून प्रश्न विचारीत आणि उत्तरे टिपून ठेवीत. नाव विचारले, ती म्हणाली, ऑगुस्टे. नवऱ्याचे नाव? तेही बहुधा ऑगुस्टेच! ताटात फुलकोबी असता ती पालक म्हणे. १९०६ मध्ये ती वारली आणि १९१० मध्ये क्रेपेलिनने या विकाराला अल्झायमरचे नाव दिले. रोगाला नाव मिळाले. रोग्याला मात्र रुग्णालयात हक्काची जागा मिळाली नाही.

त्या जागेसाठी भांडल्या मार्जरी वॉरन या डॉक्टरीणबाई. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या दरिद्राश्रमातले शेकडो रुग्ण आले. अर्धांगवायूचे, भ्रमिष्ट, नुसतेच म्हातारे असे सारे एकत्र, वर्षानुवर्षे खाटेला खिळलेले. बाईंनी एकेकाला तपासले, गट पाडले, भिंतींना उजळ रंग दिला, माणसांना उठवून चालते केले. कित्येक जण घरीही परतले!

तरीही एक अडचण उरलीच. मोठे रुग्णालय घाईने चालते. विसराळू माणसाला घाई सोसत नाही. त्याला तहान लागल्याचे सांगता येत नाही, घंटा कशासाठी हे कळत नाही. ताप, जाग्रण आणि अनोळखी चेहरे यांनी एका रात्रीत त्याचे भान सुटते. माझ्या आत्याचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा ती हाताची सुई उपटून घराची वाट विचारीत होती. धाकटी बहीण शेजारी बसून माहेरच्या गोष्टी सांगू लागली, तेव्हा कुठे ती निजली.

हेच इंग्लंडला एका मृत्यूने शिकवले. २०१४ मध्ये जॉन जेरार्ड हे वृद्ध डॉक्टर पायाच्या चिघळलेल्या जखमांसाठी रुग्णालयात गेले. पाच आठवड्यांत घरच्यांच्या भेटींवर बंधने आली. चालतेबोलते गेलेले गृहस्थ परतले ते अंथरुणाला खिळून, आणि त्याच नोव्हेंबरात वारले. त्यांची कन्या निकी आणि तिची मैत्रीण ज्युलिया जोन्स यांनी चळवळ उभारली: स्मृती हरवलेल्याजवळ त्याच्या माणसाला थांबू द्या! अनेक रुग्णालयांनी ते मानले.

आपल्याकडे खाटेखाली चटई टाकून कोणी ना कोणी बसतेच. आपण तिला गर्दी म्हणतो. खरे तर ती शुश्रूषाच आहे. पण ती चटई रोज एकट्या सुनेच्याच वाट्याला येते, तेव्हा तिलाही विसाव्याची गरज असते. म्हणून या सणात घरच्यांनी एवढे ठरवून ठेवावे, की पाळ्या कोणी, कशा घ्यायच्या. ज्याला कोण आले हे आठवत नाही, त्यालाही कोणी आले हे कळते.