मालिका लांबते, इतिहास आखडतो

श्रोतेहो, ऐतिहासिक मालिका आरंभी रंगते अन् पुढे का रेंगाळते? २०१२-१३ सालची ‘उंच माझा झोका’ आठवा. अकरा वर्षांच्या रमाबाई १८७३ मध्ये महादेव गोविंद रानड्यांच्या घरी आल्या, अक्षरे गिरवू लागल्या, तोवर गोष्टीला ओघ होता. पुढे ती, माझ्या मते, घरातल्या टोमण्यांतच घुटमळली. टोमणे खोटे नव्हेत. रमाबाईंनीच आपल्या आठवणींत ते नोंदले आहेत. पण रोजचा भाग भरायचा म्हटले, की प्रसंग वाढतात आणि कारणे गळतात.

आता आपल्या वऱ्हाडाचेच बघा. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांचा पराभव केला. १५ डिसेंबरला मेळघाटातला गाविलगड पडला. १७ ला देवगावचा तह झाला अन् वर्धा नदीच्या पश्चिमेचा भोसल्यांचा बहुतेक मुलूख निजामाकडे गेला. अवघ्या एकोणीस दिवसांची ही गोष्ट! तीत महिनोन्‌महिने कपट-कारस्थाने कोंबली, तर मुलूख का गेला, हेच उमगणार नाही.

गुरुजी, मुलांना मालिका खुशाल पाहू द्या. दुसऱ्या दिवशी एवढेच विचारा : काल नवे काय घडले, आणि कशामुळे? उत्तर आले नाही, तर तो निसटलेला दुवा वर्गात तुम्ही जोडून द्या.